अल्फा सेंटॉरी: आधी जमीन, मग लढाई

अल्फा सेंटॉरी हा संगणकावरचा गेम नव्याने खेळायला घेणारा माणूस एक चूक हमखास करतो. तो सैन्य उभं करतो. मीही तेच केलं होतं. कर्नल सांतियागोचा स्पार्टन गट घेतला आणि साठाव्या टर्नपर्यंत (म्हणजे पाळीपर्यंत) चार बेस, म्हणजे वसाहती, आणि पंधरा तुकड्या जमवून मोठा सेनापती झाल्याच्या थाटात बसलो. पलीकडे दुसऱ्या गटाचा नेता, संगणक खेळवत असलेला चेअरमन यांग होता. त्याने माझ्यावर हल्ला केलाच नाही. तो नुसता पसरत गेला. माझ्या सैनिकांच्या हातात अजून सुरुवातीच्याच बंदुका होत्या, तेव्हा त्याचे बेस माझ्या तिप्पट झाले होते. पुढे तो आला तेव्हा लढाई अशी झालीच नाही.

तेव्हापासून हा गेम शिकवताना मी पहिलं वाक्य एकच सांगतो: हा युद्धाचा गेम आहे असं समजू नका, शेतीचा आहे असं समजा. निदान पहिली शंभर वर्षं. हा लेखही मुख्यतः त्या शंभर वर्षांबद्दलच आहे, कारण पुढचं सगळं तिथेच ठरतं.

ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिरॅक्सिस कंपनीचा हा गेम फेब्रुवारी १९९९ मध्ये आला. नाव सिड मायर यांचं असलं तरी रचना मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्स यांची. कथा अशी: २०६० साली संयुक्त राष्ट्रांचं ‘युनिटी’ हे यान पृथ्वी सोडून अल्फा सेंटॉरीकडे निघतं. चाळीस वर्षांनी, मुक्काम जवळ आलेला असताना यानात बिघाड होतो, कॅप्टन गारलँडचा खून होतो आणि माणसं सात गटांत फुटतात. प्रत्येक गट आपापला तुकडा घेऊन खाली कायरॉन नावाच्या ग्रहावर उतरतो. खेळताना सगळे त्याला नुसतं ‘प्लॅनेट’ म्हणतात. एक टर्न म्हणजे एक वर्ष, सुरुवात २१०१ साली.

(जाता जाता: अल्फा सेंटॉरी म्हणजे आपल्याकडच्या आकाशदर्शनवाल्यांचा ‘मित्र’ तारा, नरतुरंग तारकासमूहातला. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल तर महाराष्ट्रातून अगदी खाली दिसतो, शेजारी मित्रक. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षांहून थोडं जास्त.)

सुरुवात करण्याआधी

गेम जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळतो, सोबत ‘एलियन क्रॉसफायर’ हा विस्तारही येतो. पहिल्या दोन-तीन खेळांत विस्ताराला हात लावू नका. त्यात आणखी सात गट आहेत, त्यांपैकी दोन परग्रहवासी, आणि समतोल जरा बिघडलेला आहे. मूळ सात गटांची घडी इतकी छान बसलीय की आधी तीच पाहावी.

नवा खेळ मांडताना नियम स्वतः निवडण्याचा पर्याय घ्या आणि ‘ब्लाइंड रिसर्च’ बंद करा. ते चालू असलं की तुम्ही फक्त दिशा सांगता (शोध, अभ्यास, बांधणी, विजय यांपैकी), नेमकं कोणतं तंत्रज्ञान येणार ते गेम ठरवतो. कथेच्या दृष्टीने कल्पना झकास आहे, पण शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखं होतं. अवघडपणाच्या सहा पायऱ्या आहेत, सिटिझनपासून ट्रान्सेंडपर्यंत. तिसरी, म्हणजे टॅलेंट, घ्या. पहिल्या पायरीवर लोक इतके समाधानी असतात की ड्रोनचा, म्हणजे असंतुष्ट नागरिकांचा, प्रश्न काय असतो हे कळतच नाही, आणि मग वर गेल्यावर दणका बसतो.

गट कोणता घ्यावा

पहिल्या खेळाला माझं मत कमिशनर प्रवीण लाल यांच्या पीसकीपर्सना. लाल हे कथेत भारतीय आहेत, यानावरचे मुख्य शल्यचिकित्सक. पण शिफारस त्यासाठी नाही. त्यांच्या प्रत्येक चार नागरिकांमागे एक जादा ‘टॅलेंट’ म्हणजे खूश माणूस मिळतो, त्यामुळे वस्तीत दंगे कमी. शिवाय घरांची मर्यादा इतरांपेक्षा दोनने जास्त, आणि सगळ्या गटांच्या परिषदेत मतं दुप्पट. तोटा एवढाच की कार्यक्षमता एकने कमी. चुका पोटात घालणारा गट आहे.

दुसऱ्या खेळाला प्रोफेसर झाखारोव्हचं युनिव्हर्सिटी. प्रत्येक बेसला नेटवर्क नोड (संशोधनाची इमारत) फुकट, संशोधन दोनने वर. बदल्यात दर चार माणसांमागे एक जादा असंतुष्ट ड्रोन, आणि हेरगिरीपुढे दारं सताड उघडी. लेडी डेअर्ड्राच्या गाया गटाला ग्रहाशी जमतं, त्याबद्दल किड्यांच्या भागात सांगतो. यांगचं हाइव्ह यंत्रासारखं चालतं, हातात बसलं की हरणं कठीण, पण खेळायला मला ते रुक्ष वाटतं. मॉर्गनकडे पैसा आहे, मात्र त्याच्या लोकांना ऐसपैस घरं लागतात: वस्ती चारच्या वर न्यायची तर हॅब कॉम्प्लेक्स (जादा घरांची इमारत) हवंच, बाकीच्यांना ते सातपर्यंत लागत नाही. सांतियागो आणि सिस्टर मिरियम ही लढणाऱ्यांची घरं. मिरियमला २११० पर्यंत संशोधनच साठत नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पहिला बेस आणि एका बेसचा हिशेब

उतरल्यावर ‘आदर्श जागा’ शोधत हिंडू नका. पहिला बेस पहिल्याच टर्नला, फार तर दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला ठोका. नदी असेल तर उत्तम, समुद्रकाठ असेल तरी चालेल. एक-दोन टर्न वाया घालवून मिळणारी जागा क्वचितच तेवढी चांगली निघते.

आता एक बेस जवळून पाहू. बेसचा स्वतःचा चौकोन २ अन्न, १ खनिज, १ ऊर्जा देतो. वस्ती एकची, म्हणजे एक माणूस बाहेरच्या एका चौकोनावर काम करतो. समजा तो भरपूर पावसाचा, उंचसखल चौकोन आहे: २ अन्न, १ खनिज. एकूण अन्न ४. माणूस २ खातो, उरले २. वस्ती दोन व्हायला २० अन्न साठावं लागतं, म्हणजे दहा टर्न. खनिजं टर्नला २. स्काउट, म्हणजे टेहळणीची तुकडी, १० खनिजांची: पाच टर्न. फॉर्मर, म्हणजे जमीन सुधारणारी तुकडी, २० चा: दहा टर्न. कॉलनी पॉड, म्हणजे नवा बेस वसवणारी तुकडी, ३० चा: पंधरा टर्न. आणि कॉलनी पॉड निघाला की एक माणूस वस्तीतून घेऊन जातो, त्यामुळे वस्ती दोन व्हायच्या आधी तो तयार होऊन उपयोग नाही.

हे आकडे किती तोकडे आहेत पाहा. टर्नला दोन खनिजं! आता यात सैन्य घाला. साधारण परिस्थितीत प्रत्येक बेस दोन तुकड्या फुकट पोसतो, तिसऱ्या तुकडीपासून टर्नला एकेक खनिज जातं. दोनातलं एक. माझ्या त्या स्पार्टन राज्यात सात तुकड्या जादा होत्या, म्हणजे दर टर्नला सात खनिजं नुसती पगारात चालली होती. त्या खनिजांत चार-पाच टर्नला एक कॉलनी पॉड झाला असता.

म्हणून पहिल्या बेसचा क्रम: स्काउट, फॉर्मर, कॉलनी पॉड, पुन्हा कॉलनी पॉड. फॉर्मरसाठी ‘सेंटॉरी इकॉलॉजी’ ही विद्या लागते. ती डेअर्ड्राकडे आधीपासून असते, बाकीच्यांनी पहिलं संशोधन तेच करावं. तोवर दुसरा स्काउट बनवून अंधारात पाठवा. नवे बेसही हाच क्रम गिरवतात. एखादा बेस थोडा पुढे गेला की रीसायकलिंग टँक्स (४० खनिजं): अन्न, खनिज, ऊर्जा प्रत्येकी एकने वाढतं, पैसा वसूल.

घाईने पूर्ण करायचं असेल, म्हणजे क्रेडिट (गेममधला पैसा) मोजून, तर एक गोष्ट पाळा. कामात किमान १० खनिजं जमल्याशिवाय पैसे टाकू नका. त्याआधी दर दुप्पट लागतो.

दोन बेसमध्ये किती अंतर ठेवावं? नवख्याला वाटतं, प्रत्येक बेसभोवतीचे वीसही चौकोन त्याचे स्वतःचे असावेत. पण हॅब कॉम्प्लेक्स येईपर्यंत वस्ती सातवर अडते. सात माणसं सातच चौकोन कसतात. उरलेले तेरा पडीक. मग मधे दोन चौकोन सोडून तिसऱ्यावर बेस टाका, दाट. दिसायला गिचमीड दिसतं, पण तितकीच जमीन दुप्पट हातांनी कसली जाते आणि संकटात एका बेसची मदत दुसऱ्याला लगेच पोचते. बेस फार झाले की ‘ब्युरोक्रसी’चे ड्रोन वाढतात अशी सूचना येते, ती आली की थोडं थांबायचं. बारा-पंधरा बेसपर्यंत मी मुळीच मागेपुढे पाहत नाही.

जमीन वाचायला शिका

हा या गेमचा आत्मा, आणि इथे मराठी माणसाला शिकवायला फारसं काही लागत नाही. प्लॅनेटवर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. डोंगराच्या पश्चिम उतारावर पाऊस पडतो, पूर्वेची बाजू कोरडी राहते. कोकण आणि माणदेश. नकाशावर उत्तर-दक्षिण डोंगररांग दिसली की मी मनात तिला सह्याद्रीच म्हणतो आणि शेती पश्चिमेला काढतो. पुढे तंत्रज्ञान आल्यावर फॉर्मर जमीन उचलूही शकतात. तेव्हा जपून: बेसच्या पश्चिमेला हौसेने डोंगर उभा केलात तर स्वतःच्याच शेतांवरचा पाऊस अडवाल. शेजाऱ्याच्या बाबतीत हेच मुद्दाम करता येतं, तो भाग वेगळा.

प्रत्येक चौकोनाच्या तीन गोष्टी बघायच्या. पाऊस: कोरडा, दमट, भरपूर, म्हणजे अन्न ०, १, २. खडकाळपणा: सपाट जमीन खनिज देत नाही, उंचसखल आणि खडकाळ एकेक देतात, पण खडकाळ जमिनीवर शेत किंवा जंगल होत नाही, तिथे खाणच. उंची: सोलर कलेक्टर बसवला तर दर हजार मीटरला एक ऊर्जा वाढत जाते. डोंगरमाथ्यावर सोलर, पश्चिम उतारावर शेत, खडकावर खाण आणि रस्ता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे गेम नीट सांगत नाही. सुरुवातीला कुठल्याही चौकोनातून कुठलंही उत्पन्न दोनापेक्षा जास्त निघत नाही. मर्यादा आहे. अन्नाची मर्यादा ‘जीन स्प्लायसिंग’ने उठते, खनिजाची ‘इकॉलॉजिकल इंजिनिअरिंग’ने, ऊर्जेची ‘एन्व्हायर्नमेंटल इकॉनॉमिक्स’ने. भरपूर पावसाच्या चौकोनात आधीच २ अन्न आहे. तिथे चार टर्न घालवून शेत केलं तर तीन व्हायला हवं, पण मिळतं दोनच. चार टर्न मातीत. तेच शेत दमट चौकोनात केलं तर एकाचे दोन झाले. खडकावरची खाण तर आठ टर्न खाते आणि खनिज दोनावर अडतं. मी कित्येक खेळ हे न कळता खेळलो आणि फॉर्मर आळशी आहेत असं समजत राहिलो. अपवाद फक्त खास उत्पन्नाच्या चौकोनांचा, ज्यांवर अन्न-खनिज-ऊर्जेची खूण दिसते. त्यांना ही मर्यादा नाही, म्हणून बेस शक्यतो त्यांच्या टप्प्यात टाका. एखादा मोनोलिथ (ग्रहावर आधीपासून असलेला गूढ स्तंभ) टप्प्यात आला तर सोन्याहून पिवळं: काहीही न करता २-२-२, वर जखमी तुकड्या तिथे बऱ्या होतात.

मग सुरुवातीला फॉर्मरने करायचं काय? जंगल. चार टर्नमध्ये लागतं आणि खडक सोडून जमीन कशीही असो, कोरडी सपाट असली तरी, १ अन्न, २ खनिज, १ ऊर्जा देतं. शिवाय ते आपोआप शेजारच्या चौकोनांत पसरतं. पूर्वेच्या कोरड्या बाजूला दोन-तीन चौकोन जंगल लावून विसरून जा, वीस वर्षांनी पाहा. माझा ठोकताळा: प्रत्येक बेसला एक-दोन दमट शेतं पोटासाठी, बाकी जंगल. वरच्या हिशेबातला आपला बेस आठवा. वस्ती दोन, एक माणूस पावसाच्या चौकोनावर, एक जंगलात: खनिजं २ वरून ४ वर गेली, कॉलनी पॉड पंधराऐवजी आठ टर्नमध्ये. अन्न फक्त एक उरतं, म्हणून वस्ती सावकाश वाढते, तेवढं सोसायचं. पुढे ट्री फार्म आणि हायब्रिड फॉरेस्ट बांधलं की तोच चौकोन ३-२-२ देतो आणि निसर्गाची हानीही कमी होते.

रस्ते एका टर्नचे, ते करत राहा. लाल बुरशी, म्हणजे फंगस, काढायला सहा टर्न लागतात. बेसच्या अगदी अंगावर असेल किंवा रस्ता अडवत असेल तरच काढा. प्रत्येक बेसमागे एक फॉर्मर हे किमान प्रमाण, दीड चांगलं. आणि फॉर्मर ‘ऑटोमेट’ करू नका. निदान पहिल्या खेळात तरी. कुठल्या चौकोनाचं काय करायचं हा विचार म्हणजेच हा गेम.

संशोधनाची वाट

सेंटॉरी इकॉलॉजी झाल्यावर डोळे मिटून ‘इंडस्ट्रियल ऑटोमेशन’कडे चला. वाटेत चार टप्पे: इंडस्ट्रियल बेस, इंडस्ट्रियल इकॉनॉमिक्स, इन्फर्मेशन नेटवर्क्स, प्लॅनेटरी नेटवर्क्स. बायोजेनेटिक्स मधे कुठेतरी घ्या, रीसायकलिंग टँक्स त्यानेच येतात. इंडस्ट्रियल ऑटोमेशनने सप्लाय क्रॉलर मिळतो, आणि क्रॉलर म्हणजे या गेमची चावी.

क्रॉलर एखाद्या चौकोनावर उभा करायचा आणि त्याला सांगायचं, अन्न आण किंवा खनिज आण. तो माणसाशिवाय तो चौकोन कसतो. जेवत नाही, ड्रोन होत नाही. खनिजांची मर्यादा उठली की खाणीचा खडकाळ चौकोन, ज्यावर माणूस बसवला तर तो उपाशी राहील, क्रॉलरला द्यावा. दुसरा उपयोग त्याहून भारी. क्रॉलर कुठल्याही सीक्रेट प्रोजेक्टच्या (कायमचा मोठा फायदा देणाऱ्या महाप्रकल्पाच्या) बेसमध्ये नेऊन त्यात मिसळता येतो, आणि त्याची पूर्ण ३० खनिजं प्रोजेक्टला मिळतात. दहा बेसनी एकेक क्रॉलर बनवून पाठवला की तीनशे खनिजं एका झटक्यात. प्रोजेक्ट ग्रहावर एकालाच मिळतो, त्यामुळे शेजारी टर्नमागे टर्न मोजत बसलेला असताना तुम्ही क्रॉलरचा तांडा आत घालून काम उरकता.

कोणते प्रोजेक्ट धरावेत? वेदर पॅराडाइम, फॉर्मर झपाट्याने काम करतात. ह्यूमन जीनोम प्रोजेक्ट, प्रत्येक बेसला एक खूश माणूस. झाखारोव्ह असाल तर व्हर्च्युअल वर्ल्ड सोडू नका: प्रत्येक नेटवर्क नोड करमणुकीचं होलोग्राम थिएटर होऊन बसतो, नोड तुम्हाला फुकट मिळालेले, म्हणजे ड्रोनचा प्रश्नच मिटतो. बाकीचे प्रोजेक्ट पहिल्या शतकात सोडले तरी चालतील.

क्रॉलरनंतर मागे वळून एथिकल कॅल्क्युलस, जीन स्प्लायसिंग, इकॉलॉजिकल इंजिनिअरिंग, एन्व्हायर्नमेंटल इकॉनॉमिक्स या क्रमाने तिन्ही मर्यादा उठवा. इतके दिवस दोनावर अडलेली जमीन एकदम फुलते. तो टर्न ओळखू येतो: आकडे उड्या मारतात.

माणसं खूश ठेवणं आणि एक मोठी उडी

वस्ती वाढली की काही नागरिक ड्रोन होतात. ड्रोन टॅलेंटपेक्षा जास्त झाले की दंगल आणि काम ठप्प. उपाय तीन: बेसमध्ये बसवलेली तुकडी पोलिसाचं काम करते, रिक्रिएशन कॉमन्स (करमणुकीची इमारत), किंवा एखाद्या कामगाराला शेतातून काढून डॉक्टर करणं. पहिल्या स्काउटला बेसमध्ये ठेवायचं ते यासाठी, शत्रूसाठी नाही.

सोशल इंजिनिअरिंगमध्ये, म्हणजे राज्यपद्धती आणि अर्थव्यवस्था निवडायच्या भागात, पर्याय बरेच आहेत, पण पहिल्या शतकात कामाचे तीन. ‘प्लॅन्ड’ वाढ दोनने आणि उद्योग एकने वाढवतं, कार्यक्षमता दोनने कमी करतं. बेस पसरवण्याच्या काळात हेच. ‘डेमोक्रॅटिक’ कार्यक्षमता आणि वाढ दोन-दोनने वाढवतं, पण बेसला फुकट पोसता येणाऱ्या तुकड्या दोनावरून एकावर येतात. ‘फ्री मार्केट’ जबर पैसा देतं, प्रत्येक कसलेल्या चौकोनावर एक जादा ऊर्जा, मात्र पोलीस निकामी होतात आणि ग्रह चिडतो.

आता उडी. वाढीचा आकडा सहावर गेला की ‘पॉप्युलेशन बूम’ होते: पुरेसं जादा अन्न असलेली प्रत्येक वस्ती दर टर्नला एकने वाढते, साठा भरायची वाट न बघता. प्लॅन्डचे दोन, डेमोक्रॅटिकचे दोन, चिल्ड्रन्स क्रेश या पाळणाघराचे दोन. झाले सहा. प्लॅन्डने कमी केलेली कार्यक्षमता डेमोक्रसी भरून काढते, हा बोनस. तयारी अशी करायची: सगळ्या बेसमध्ये क्रेश बांधून घ्या, रिक्रिएशन कॉमन्स उभे करा, काही माणसं खाणीतून शेतात हलवा म्हणजे प्रत्येक बेसला किमान दोन अन्न उरेल, आणि मग डेमोक्रसी लावा. तीनची वस्ती चार टर्नमध्ये सात. दहा बेस असतील तर चाळीस नवी माणसं. यांग असाल तर विसरा, त्याला लोकशाही वर्ज्य आहे.

उडी झाली की प्लॅन्ड सोडून फ्री मार्केट किंवा ग्रीनकडे (निसर्ग सांभाळणाऱ्या अर्थव्यवस्थेकडे) जा.

किडे

फंगसमधून माइंड वर्म, म्हणजे मनावर हल्ला करणारे किडे, येतात. नवखा त्यांना घाबरून चिलखत वाढवतो. इथेच फसतो. किड्यांशी लढाई मनाची असते. शस्त्र आणि चिलखताचे आकडे तिथे मोजतच नाहीत. मोजतात ते मनोबल आणि कोणी आधी हल्ला केला ते. जमिनीवर हल्ला करणाऱ्याला ३ ला २ असा सरळ फायदा मिळतो. म्हणजे साठ-सत्तर खनिजांचा चिलखती बहाद्दर बेसमध्ये वाट बघत बसला तर मरेल, आणि दहा खनिजांचा फाटका स्काउट पुढे होऊन तुटून पडला तर बहुधा जिंकेल.

पद्धत अशी. फंगसच्या बाजूच्या बेसमध्ये एक स्वस्त रोव्हर (वेगाने हलणारी गाडी) ठेवा, सगळ्यात साधं शस्त्र, चिलखत नाही. किडा शेजारच्या चौकोनात आला की त्याला हल्ल्याची संधी न देता आपणच मारायचं. किडा फंगसमध्ये असेल तर थांबा, मोकळ्यावर येऊ द्या. फॉर्मरना संरक्षण नसतं, एका किड्यात सगळा ताफा जातो. किडा दिसला की फॉर्मर बेसमध्ये. मारलेल्या किड्यामागे ऊर्जा क्रेडिट मिळतात, तेव्हा पुढेपुढे त्यांची वाट बघावीशी वाटते.

डेअर्ड्राच्या खेळात हे सगळं उलटं होतं. तिचा ग्रहाशी सलोखा असल्याने हल्ला केलेला किडा कधीकधी मरण्याऐवजी तुमच्या बाजूला येतो. पहिल्या तीस वर्षांत दोन-तीन किडे पाळीव झाले की शेजाऱ्याकडे त्यांच्याविरुद्ध काहीच नसतं.

विखुरलेले युनिटी पॉड, म्हणजे यानातून पडलेल्या पेट्या, स्काउटने उघडा, फॉर्मरने कधीच नाही. आतून कधी क्रेडिट निघतात, कधी परग्रहवासी अवशेष (तो नेटवर्क नोडला जोडला की एक तंत्रज्ञान फुकट), आणि कधी किडे.

शेजारी

भेटलेल्या प्रत्येकाशी तह करा, तंत्रज्ञानाची अदलाबदल करा. तुमचं संशोधन वाटल्याने नुकसान होईल असं वाटतं, पण दोन गट एकमेकांशी भांडत असताना तुम्ही दोघांकडून शिकत असता. परिषदेत ग्रहाच्या गव्हर्नरची निवडणूक आली तर लाल असाल तर लढवाच. गव्हर्नरला सगळ्या गटांच्या आतल्या माहितीवर नजर ठेवता येते. सीमेवरच्या बेसमध्ये एक प्रोब टीम (हेरांची तुकडी) बसवून ठेवा, शेजाऱ्यांच्या हेरांना तीच अडवते.

मिरियम किंवा यांग सीमेला लागून असतील तर एक वेळ येईल जेव्हा लढावं लागेल. हल्ला करताना मिरियमला २५ टक्के जादा मिळतात, म्हणून तिला उघड्यावर गाठा. बेसच्या दोन चौकोनांच्या आत सेन्सर लावा, बचावाला तेवढेच टक्के तुम्हाला मिळतात. बाकी तुमच्याकडे दुप्पट बेस असतील तर युद्धाचा निकाल फारसा अवघड नसतो.

शंभर वर्षांनंतर

इकॉलॉजिकल इंजिनिअरिंगनंतर कंडेन्सर (पाऊस वाढवणारं यंत्र) आणि बोअरहोल (जमिनीत खोल खोदलेली विहीर) खुले होतात. बोअरहोल चोवीस टर्न खातो, उतारावर खोदता येत नाही, दुसऱ्या बोअरहोलच्या शेजारी खोदता येत नाही, पण देतो ६ खनिज आणि ६ ऊर्जा. चार फॉर्मर एकत्र लावले तर सहा टर्नमध्ये उरकतं. मोह होतो सगळीकडे खोदण्याचा. खनिजं बेसुमार वाढली की फंगस शेतांवर उगवतो, किडे झुंडीने येतात, आणि फार झालं तर समुद्र चढतो आणि किनाऱ्यावरचे बेस बुडतात. दोन-तीन बेसना एकेक बोअरहोल, बाकीच्यांना जंगल, हे माझं प्रमाण.

जिंकण्याच्या वाटा चार: सगळ्यांना हरवणं, परिषदेकडून सर्वोच्च नेता म्हणून निवडून येणं, ऊर्जेचा बाजार ताब्यात घेणं, आणि ग्रहाशी एकरूप होणं. शेवटच्या वाटेला आधी व्हॉइस ऑफ प्लॅनेट आणि मग असेंट टू ट्रान्सेंडन्स हे दोन प्रोजेक्ट लागतात. पहिल्या खेळात तीच वाट धरा, तिच्यात कथाही पुरी होते. तिथवर पोचताना क्रॉलर साठवून ठेवा. माझ्या पहिल्या पूर्ण झालेल्या खेळात, लाल घेऊन, शेवटच्या प्रोजेक्टच्या आधी बावीस क्रॉलर एका बेसच्या दाराशी रांगेने उभे होते, आणि त्यातले निम्मे पूर्वेच्या त्या कोरड्या जंगलाच्या खनिजांतूनच बनले होते.